माझ्या कातडीची चोरी

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला मला कळलं, की माझी कातडी चोरीला गेली आहे. तेव्हा मी शेंगा सोलत बसले होते आणि कातडी अंगावर जिथल्या तिथे होती.

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हातात रंगवायचं ते पेन, तोंड खडूसारखं पांढरं. म्हणाली, "आई, तुम्हाला कुणीतरी विकायला काढलंय."

"अगोबाई! आणि घेतंय कोण?"

एरवी ती हसली असती. हसली नाही, तेव्हा मी शेंगांचं ताट बाजूला सारलं.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांना सांगते. कॉम्प्युटरच्या आत एक जग आहे. माणसं आपापल्या घरी खुर्चीत बसतात आणि तिथे हिंडतात, नाचतात, भांडतात. त्यासाठी प्रत्येकाला एक बाहुला लागतो, त्याला अवतार म्हणतात. बाहुल्याचा आकार एकजण करतो, केस दुसरा, कपडे तिसरा. आणि अंगावरची कातडी रंगवते माझी सून. ती तिला स्किन म्हणते. मी एकतीस वर्षं रुग्णालयात आया होते. हजारो माणसं कोमट पाण्याने पुसली, दर दोन तासांनी कुशीवर वळवली. मी कातडीला कातडीच म्हणणार.

लग्न होऊन ही आली तेव्हा मला वाटायचं, धडधाकट पोरगी दिवसभर पडद्यावर गाल रंगवत बसते, हे काय काम झालं? एकदा सहज मागे जाऊन उभी राहिले. कुणा तरुण बाईचा हात रंगवत होती. मी म्हटलं, "या बाईने जन्मात कधी टेबलावर कोपर टेकलं नाही वाटतं? कोपर आणि मनगट एकाच रंगाचं?" सुनेने वळून बघितलं. उठली, आतून खुर्ची आणली आणि मला शेजारी बसवलं. सात वर्षं झाली, ती खुर्ची माझी आहे. शाळा माझी चौथीत सुटली. पण कातडी मला वाचता येते.

त्या जगात सगळे तरुण. सगळ्यांचे पाय उकडलेल्या अंड्यासारखे तुळतुळीत. मग सुनेच्या मनात आलं, एक म्हातारी करायची. खरीखुरी. आणि म्हातारी शोधायला तिला लांब जावं लागलं नाही. तीन महिने मी उत्तरेच्या खिडकीपाशी बसले. बाकीचे लोक फोटो काढून चिकटवतात. आमची सून फोटोला हात लावत नाही, नजरेने काढते. आधी कातडीखालचा लालपणा, शिरांची निळसर झाक, पिवळटपणा, आणि मग वरची कातडी. दंडाची आतली बाजू साठीनंतरही विशीतली राहते, हे मी तिला सांगितलं. नडगी म्हातारपणी चकाकते, हे तिने मला दाखवलं.

ती कातडी त्या जगातल्या सगळ्यांत मोठ्या प्रदर्शनाच्या फाटकावर उभी राहणार होती. येणारा जाणारा तिच्यासमोरून जाणार. प्रदर्शन त्याच मंगळवारी संध्याकाळी पाचला उघडणार होतं.

आणि आता तीच कातडी, तीच मान, तेच गुडघे, कुठल्याशा अनोळखी नावाच्या दुकानात काल संध्याकाळपासून मांडलेले. प्रदर्शनवाल्यांचा निरोप सूनबाईने वाचून दाखवला. त्या दुकानाने आधी मांडली, म्हणजे नक्कल तुमची धरावी लागेल. चार वाजेपर्यंत थरांची मूळ फाइल दाखवा. नाहीतर फाटकावरून तुमचं काम उतरेल आणि पुन्हा या बाजारात तुम्हाला पाऊल ठेवता येणार नाही.

थरांची फाइल म्हणजे असं समजा, की पारदर्शक कागद एकावर एक ठेवलेत आणि प्रत्येकावर थोडं थोडं रंगवलंय. चोराकडे असला तर वरून दिसणारा एकच कागद असायचा. सगळी चवड फक्त जिने रंगवलं तिच्याकडे.

"मग रडतेस काय? दाखव की फाइल."

"ती काळ्या डबीत होती, आई," सूनबाई म्हणाली. "मशीनला लावलेली असते ना, सगळं साठवायची, ती. डबीच नाहीये."

२

घर उलटंपालटं केलं. गाद्या झाडल्या, कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर ओतली. डबी नाही. मुलाला कामावर फोन केला, तो म्हणाला, "फ्रिजमध्ये बघितलंत का?" त्याला जन्म दिला मी, त्यामुळे जास्त काही बोलत नाही.

सूनबाईने डोकं धरलं. मी तोंडावर पाणी मारून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं.

"त्या दुकानातलं माझं ध्यान मला बघायचंय."

"चित्रात पूर्ण बाह्यांचे कपडे घातलेत, काही दिसत नाही. पण फुकट नमुना देतात. मी घेतलाय."

तिने नमुना आपल्या बाहुलीला चढवला. पडद्यावर मी उभी राहिले, आणि माझ्या कपाळावर आडवा शिक्का: नमुना. चोर तर चोर, वर कपाळावर शिक्का मारतो मेला! मी चष्मा पुसला आणि वॉर्डात नवीन पेशंट आला की बघायचे तशी डोक्यापासून बघायला लागले. कानाची पाळी माझी. गळ्याखालची चुणी माझी. मग म्हटलं, "बाह्या काढ तिच्या."

सुनेने बाह्या काढल्या आणि दोघी पडद्याकडे वाकलो.

दोन्ही हातांवर, मनगटाच्या चार बोटं वर, भाजल्याचा डाग होता. पांढुरका, कडेला गुलाबी, केळीच्या पानासारखा लांबट.

हा डाग माझा आहे. वॉर्डातल्या वाफेच्या डब्याचं झाकण लागून झालेला. पण तो माझ्या उजव्या हातावर आहे. डावा हात स्वच्छ आहे.

तर त्याची गंमत अशी. या बाहुल्यांची कातडी कापडासारखी सपाट पसरून रंगवतात. त्याला नकाशा म्हणतात. आणि त्या जगाची एक जुनी खोड आहे, की दोन्ही हातांना मिळून नकाशात एकच हात असतो. एकदा रंगवायचं, ते दोन्हीकडे चढतं. म्हणून हातावर तीळ, डाग, काही काढायचं नसतं. सुनेने पहिल्या आठवड्यात हौसेने माझा डाग काढला. बाहुलीला चढवून बघितलं तर दोन्ही हात भाजलेले! पोट धरून हसलो होतो आम्ही. एवढा छान उतरलेला डाग पुसायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिने तो थर नुसता बंद केला. प्रत्येक थराशेजारी एक बारीक डोळा असतो. डोळा मिटला की थर झाकला जातो, फाइलमध्ये राहतो, पण दिसत नाही.

"म्हणजे चोराने वरचा कागद नाही घेतला," सूनबाई हळूच म्हणाली. "सगळी चवड घेतली. आणि मिटलेला डोळा उघडला."

"थांब. चप्पल काढ तिची."

तिने चप्पल काढली. टाचा लोण्यासारख्या गुळगुळीत.

"माझ्या भेगा कुठे गेल्या?" मी म्हटलं.

३

"आठवडाभरात घरात कोण कोण आलं?" मी विचारलं.

"शनिवारी सर आले होते. सोमवारी दुपारी फोटोवाला आणि ताई. बस्स. पण डबी सोमवारी दुपारी बारापर्यंत मी वापरत होते, आई. म्हणजे सर त्यात येतच नाहीत."

सर म्हणजे मास्तर. हिला हे काम ज्यांनी शिकवलं ते. ताई म्हणजे माझी लेक. ती बाहुल्यांचे केस करते, प्रदर्शनात नणंद-भावजयींचा गाळा एकच. मी तिघांनाही फोन लावायला सांगितला आणि दोन वाजेपर्यंत या म्हटलं. कशाला, ते सांगितलं नाही.

फोटोवाला पहिला आला. जेवणाची वेळ साधून येण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. हा बाहुल्यांचे फोटो काढून जाहिराती करतो. बांबूसारखा उंच, दारात वाकून येतो.

"मावशी, काय झालं? वहिनींचा आवाज कसातरीच वाटला."

"तू काल इथे आलास तेव्हा बाहेरच्या खोलीत किती वेळ होतास?"

"मी?" तो डोळे मोठे करून म्हणाला. "मावशी, मी आल्यापासून तुमच्यासमोर स्वयंपाकघरात होतो. चार पोळ्या वाढल्यात तुम्ही. पाचवी मागितली तर म्हणालात, पोट आहे का पोतं."

हे खरं होतं.

"तुला कातडीची फाइल कधी दिली हिने?"

"काल सकाळी. पाठवली फोनवर. एकच सपाट फाइल, थरबीर काही नाही. मला थर लागतात कशाला? मला उजेड लागतो." त्याने फोन काढून स्वतः काढलेले फोटो दाखवले. अभिमानाने दाखवत होता. एका फोटोत बाहुली पाय लांब करून पायरीवर बसलेली. "ह्या टाचा बघा मावशी. ह्या भेगा. हा फोटो मी मोठा करून माझ्या खोलीत लावणार."

भेगा होत्या. मी त्याला पोळी वाढली. पाचवीसुद्धा.

लेक आली ती तणतणतच. दोन आठवडे दोघींची बोलचाल बंद होती. सुनेला म्हातारीसाठी विरळ केस हवे होते, मधून डोक्याची कातडी दिसणारे. लेक म्हणाली होती, टक्कल पडत चाललेलं डोकं कोण घेणार? त्यावर सून म्हणाली, मग आईंना विचारा. माझ्या डोक्यावरून दोघी भांडल्या आणि माझं डोकं मधल्यामध्ये उघडं पडलं.

"आई, मला काम आहे. काय ते पटकन सांग."

"वहिनीची कातडी चोरीला गेलीय. डबीसकट."

लेकीचा चेहरा बदलला. मी तिला तान्ही असल्यापासून धुतलंय; लपवायचं असलं की हिची मान आधी लाल होते आणि मग कान. मान लाल झाली.

"काल तू बाहेरच्या खोलीत एकटी होतीस," मी म्हटलं. "सून अंघोळीला गेली होती."

"म्हणजे? मी चोर?" तिने पर्स छातीशी धरली. "स्वतःच्या पोटच्या पोरीला विचारतेस? तिला विचार की, नीट ठेवता येत नाहीत का वस्तू!"

कान लाल झाले.

माझ्या घरात, माझ्या सुनेच्या घामावर, माझ्या लेकीने हात टाकला असेल तर पुन्हा मी कुठल्या तोंडाने त्या खिडकीपाशी बसणार होते? तेवढ्यात बेल वाजली. मास्तर आले होते.

४

मास्तरांबद्दल वाईट बोलवत नाही. सत्तरीला आलेले, बारीक आवाजाचे, इस्त्रीचा शर्ट. सुनेने दारातच सगळं सांगितलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "असं हरायचं नसतं. काम गेलं तर पुन्हा करता येतं. हात कुठे गेलाय?"

सून रडली. मास्तरांनी रुमाल दिला, घडी न मोडलेला.

"शनिवारी तुम्हीच तर बघितलं होतंत, सर," ती म्हणाली. "मी चष्म्याचा नंबर काढायला गेले तेव्हा तुम्ही बसून सगळं तपासलंत. तुम्ही साक्ष द्याल ना?"

"देईन. पण माझ्या बोलण्याला काय किंमत? त्यांना फाइल लागते." ते माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तरी धीर द्या हिला."

मास्तरांची एक ख्याती आहे. चूक दिसली की तोंड उघडल्याशिवाय त्यांच्याने राहवत नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या यजमानांच्या नाकाची सावली चुकलीय, हेही त्यांनी सांगितलं होतं. फोटो होता तो! आणि स्वतः कधी बाहुली चालवत नाहीत. म्हणतात, मी अवतार घालत नाही, मी नकाशा वाचतो.

सव्वादोन वाजले होते. मी लेकीसमोर जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला.

"पर्स."

"आई!"

"तुझा बाप असता तर त्याने विचारलं नसतं. मी विचारतेय. पर्स."

तिने पर्स उघडली, आत हात घातला आणि काळी डबी काढून टेबलावर आपटली.

५



"घेतली मी," लेक म्हणाली. आता ती रडत होती, आणि तिला रडताना कुणी बघितलेलं चालत नाही, म्हणून आणखी जोरात. "मला डोक्याच्या कातडीचा रंग हवा होता. विरळ केस केले मी. पंधरा दिवस तेच करतेय. हिच्याकडे मागायचं म्हणजे आधी चुकले म्हणायचं! म्हटलं, रंग बघते आणि आज परत लावते. आज इथे आले तर तू म्हणतेस, चोरी झाली, डबीसकट. आता काय सांगणार? डबी माझ्या पर्समध्ये, आणि सगळे चोर शोधतायत."

सूनबाई उठली. मला वाटलं आता भांडण पेटणार. ती म्हणाली, "केले? दाखवा बघू."

लेकीने फोनवर केस दाखवले. माझा भांग, माझ्या भांगातली रुंद होत गेलेली वाट, कानामागची उडालेली बट. सून बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, हे माझ्या कातडीपेक्षा चांगलं झालंय."

"उगाच काहीतरी," लेक नाक ओढत म्हणाली. पण मान पुन्हा लाल झाली, ती वेगळ्या कारणाने.

फाइल प्रदर्शनवाल्यांना गेली. आम्ही सुटलो असं मला वाटलं. फोटोवाल्याने डबा उघडून बिस्किटं काढली. मास्तर म्हणाले, "चला, मिटलं."

तीन वाजता उत्तर आलं. सूनबाईने वाचलं आणि फोन माझ्यापुढे धरला, जणू मला ते एवढ्या भराभर वाचता येणार होतं.

"काय म्हणतात?"

"त्या दुकानानेही थरांची फाइल पाठवलीय, आई. अगदी हीच. आपल्यात टाचांचे थर जास्त आहेत, पण ते म्हणतात, वर भर घालायला काय, कुणीही घालेल. त्यांनी आधी मांडली म्हणून..." तिने फोन पालथा ठेवला.

६

"सगळे बसा," मी म्हटलं. "फोटोवाल्या, बिस्किटं ठेव. सूनबाई, त्या नमुनेवालीला पडद्यावर उभी कर. बाह्यांशिवाय. हात पुढे."

पडद्यावर दोन हात पुढे आले. दोन डाग.

मी पडद्याकडे बघत नव्हते. मी माणसांकडे बघत होते.

फोटोवाला फस्सकन हसला. "दोन्ही हात? कुणी केलं हे? ह्याला बाहुली चढवून बघायचं माहीत नाही?"

लेक म्हणाली, "आई, तुझा तर एकच भाजलाय."

मास्तर काही बोलले नाहीत.

नकाशाच्या पहिल्याच धड्यात जे चालत नाही, ते भिंतीएवढ्या पडद्यावर दोनदा काढलेलं, आणि यजमानांच्या नाकाची सावली न सोडणारा माणूस गप्प. नजर डागांवर. मग हळूच स्वतःच्या पायांवर.

"मास्तर," मी म्हटलं, "चूक सांगा की."

"लक्षात आली सर्वांच्या," ते म्हणाले.

"मग मी सांगते. डबी माझ्या लेकीने सोमवारी नेली. तिच्याकडची फाइल सोमवारची. फोटोवाल्याची पण सोमवारची. सोमवारच्या कातडीला टाचांना भेगा आहेत, कारण रविवारी दुपारी मी पाय वर घेऊन बसले होते आणि हिने त्या काढल्या. चोराच्या कातडीला भेगा नाहीत. म्हणजे चोराने रविवारच्या आधी घेतली. डबी नेलीच नाही त्याने. तिच्यातून उतरवून घेतली आणि डबी जागेवर ठेवली. डबी हरवली म्हणून आम्ही सोमवार सोमवार करत बसलो. लेकीच्या खुळेपणाने चोराला आडोसा मिळाला."

"आई!" लेक म्हणाली.

"गप्प बस. रविवारच्या आधी या घरात एकच माणूस त्या मशीनवर बसला. मी शेजारी होते. बिनसाखरेचा चहा मागितलात, मास्तर. तो आणेपर्यंत म्हणालात, आज साखरेचा चालेल. दोनदा उठवलंत मला. आणि मध्ये मी बसले होते तेव्हा तुम्ही एकेक मिटलेला डोळा उघडत होतात. म्हणालात, विद्यार्थ्याने काय झाकलंय ते आधी बघावं. सगळे डोळे उघडलेत तुम्ही. मिटले का परत? हिच्या फाइलमध्ये मिटलेत, कारण तुम्ही न साठवता बंद केलीत. तुम्ही नेली त्यात उघडेच राहिले. नकाशात हात एकच, डाग एकच, म्हणून डोळ्यांना खटकलं नाही. आणि बाहुली तर तुम्ही चढवतच नाही."

मास्तर म्हणाले, "ताई, यात पुरावा कुठे आहे? हा सगळा तर्क झाला."

"पुरावा?" मी स्वेटरच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात टेबलावर ठेवले. उजव्यावर डाग. डावा स्वच्छ. "हा घ्या. चार वाजता मी कॅमेऱ्यापुढे असे हात धरणार आहे. हा डाग फाइलमधल्या डागाशेजारी ठेवा म्हणणार. कडा जुळतील, कारण हिने जुळवूनच काढलाय. आणि मग त्या दुकानदाराला विचारणार, बाबा रे, तुझी म्हातारी कोण? घेऊन ये तिला. आणि तिचा दुसरा हात कशाने भाजला, तेही सांग."



"सर?" सूनबाई म्हणाली. एकच शब्द. मी तिला सात वर्षांत इतक्या बारीक आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवाय ते एकदम कुणाचेतरी आजोबा दिसले.

"अठरा वर्षं मी तरुण कातडी रंगवली," ते म्हणाले. "गुळगुळीत, सुंदर. मग तशी सगळ्यांनाच यायला लागली. म्हातारी कातडी मला कधी जमली नाही. खूप प्रयत्न केले. सुरकुत्या काढायचो, पण ती सुरकुत्या काढलेली तरुण बाईच दिसायची. शनिवारी तुझं काम बघितलं आणि... एवढं एक आपल्या नावाने फाटकावर उभं राहावं, असं वाटलं. तुझ्या हातून पुढे बरंच होईल, असंही वाटलं. खोटं नाव घेतलं होतं. नंतर उघड करणार होतो, की मीच तो."

"घरी आरसा नव्हता?" मी विचारलं.

"काय?"

"म्हातारी कातडी बघायला, मास्तर. रोज दाढी करता ना?"

त्यांनी गालावर हात नेला.

सूनबाईने पडद्यापुढची खुर्ची त्यांच्याकडे वळवली. आवाज तिचा परत जागेवर आला होता. "सर, चारला दहा कमी आहेत. प्रदर्शनवाल्यांना तुम्ही लिहा. मी सांगणार नाही काय लिहायचं."

त्यांनी लिहिलं. सावकाश, दोन बोटांनी. मध्ये एकदा थांबले, तेव्हा फोटोवाला उगाच खिडकीबाहेर बघायला लागला. सुनेने ते वाचलं आणि पाठवलं. चारला दोन कमी असताना उत्तर आलं: काम फाटकावर राहील, तुमच्या नावाने.

लेकीने तेवढ्यात म्हातारीला नवे केस चढवले.

७

पाच वाजता फाटक उघडलं. आम्ही पाचहीजण बघत होतो, मास्तरसुद्धा. जा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं आणि उठायचं त्यांना सुचत नव्हतं.

फाटकावर मी उभी. दोन माणसांएवढी उंच. उन्हं पडली होती तिथली, आणि माझ्या नडगीवर ती चकाकली. येणारे थांबत होते. पंखवाले, शेपटीवाले, चार हातांचे, सगळे मान वर करून. एकतीस वर्षं मी वॉर्डात होते. तिथे येणाऱ्याजाणाऱ्याने कधी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही. मग कुणीतरी कातडी घेतली, अंगावर चढवली, आणि माझ्या गुडघ्यांनी उड्या मारत आत गेलं. मग आणखी एकजण. सहापर्यंत मी त्या प्रदर्शनात शंभर ठिकाणी होते. एका ठिकाणी तर झाडावर.

"आई, सरळ बस," लेक म्हणाली. "ऐटीत मान दुखेल."

"दुखू दे."

प्रदर्शनवाल्यांचा पुन्हा निरोप आला. लोक विचारतायत, म्हातारीला जोडीदार आहे का? म्हातारा मिळेल का? सूनबाईने विचारलं, "आता म्हातारा कुठून आणू?"

मास्तर उठून चपला शोधत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. मग सुनेने बघितलं.

"सर," ती म्हणाली, "उद्या सकाळी नऊला या. उजेड नऊ ते बारा चांगला असतो. दाढी करून या. शर्ट अर्ध्या बाह्यांचा."

"मी?" मास्तर म्हणाले.

"घेतली तशी आता द्या," मी म्हटलं.

ते आले. नऊला पाच कमी असताना. माझ्या खुर्चीत बसवलं त्यांना, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मी मागे स्टुलावर बसले. हलले की सून म्हणायची, "सर, नजर खिडकीकडे." गुरुजी निमूटपणे खिडकीकडे बघायचे. तिसऱ्या दिवशी मी मागून म्हटलं, "सूनबाई, पुरुषांच्या कानाच्या कडेवर म्हातारपणी..."

"केस येतात," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "काढलेत आई. आणि मानेवर कॉलर घासून कातडी राठ होते, तीही काढलीय. आणि कानामागे चष्म्याच्या काडीचा खड्डा."

मी पुढे वाकून बघितलं. सगळं होतं. डोक्यापासून बघत खाली आले, वॉर्डात बघायचे तशी. सांगायला काही सापडलं नाही.

मग मी उठले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला.